पुन्हा पाठवायचेच असेल, तर तेच पुन्हा का पाठवावे?

बंधाऱ्याकाठचा

नमस्कार. प्रश्न तांत्रिक आहे, पण त्यामागे आमच्या गावची अडचण आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या उपसा संस्थेच्या मोटारी पंचगंगेच्या काठावर बसवलेल्या आहेत. पावसाळ्यात पाणी चढू लागले की त्या वर काढाव्या लागतात, आणि ज्याची मोटार वेळेत निघाली नाही त्याला पाणी ओसरल्यावर रिवाइंडिंगवाल्याच्या दारात रांग लावावी लागते, हे नदीकाठच्या कुणालाही सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळे पाहतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. पण आमच्या वळणावर पाणी कुठवर आले हे त्यावरून नेमके कळत नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर पातळीची पट्टी रंगवून तिच्यासमोर कॅमेरा लावला. दर १५ मिनिटांनी एक फोटो पलीकडच्या काठावरील संस्थेच्या कार्यालयात जातो. सरळ अंतर ८०० मीटर आहे.

मोबाइलची रेंज पुराच्या दिवसांत भरवशाची नसते, म्हणून ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालणारा मोडेम मी स्वतः सॉफ्टवेअर रेडिओवर (सिग्नलचे काम प्रोग्रॅमने करणाऱ्या रेडिओवर) लिहिला आहे. मॉड्युलेशन, म्हणजे बिट लहरीवर बसवण्याची रीत, १६-क्वॅम (एका सिम्बॉलमध्ये, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, चार बिट), सेकंदाला १ लाख सिम्बॉल, आणि निम्म्या दराचे चुकदुरुस्तीचे कोडिंग, म्हणजे दर बिटामागे एक जादा बिट. फोटो ४० किलोबाइटचा असतो व त्याचे ५१२ बाइटचे ८० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला सीआरसी, म्हणजे चूक ओळखणारी तपासणीची संख्या, जोडलेली आहे. सीआरसी जुळला नाही तर कार्यालयातील रिसीव्हर तो तुकडा टाकून देतो व पुन्हा मागतो, आणि बंधाऱ्यावरचा ट्रान्समीटर तोच तुकडा जसाच्या तसा पुन्हा पाठवतो.

मे महिन्यात सगळे सुरळीत चालले. आता पाणी चढू लागल्यापासून तुकडे तीन-तीन, चार-चार वेळा पाठवूनही पोचत नाहीत. तेच पुन्हा पाठवण्यात मुळात काही अर्थ आहे का? की पुनर्प्रेषणासाठी मॉड्युलेशनच वेगळे आखायला हवे?

उद्यमनगरी

लोरा (लांब पल्ल्याचा, सावकाश चालणारा रेडिओ) वापरा आणि मोकळे व्हा. शेतातल्या वाल्व्हसाठी आम्ही तेच वापरतो.

बंधाऱ्याकाठचा

उद्यमनगरी, वाल्व्हच्या आज्ञेसाठी ते योग्यच आहे. परंतु लोराच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या स्थितीत, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर १२ आणि १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ असताना, एक सिम्बॉल जवळपास ३३ मिलिसेकंदांचा होतो आणि हातात सेकंदाला २९३ बिट उरतात. ४० किलोबाइटचा फोटो जायला १८ मिनिटे लागतील, आणि आमचा पुढचा फोटो १५ मिनिटांनी निघतो.

ऊसकरी

फोटोच कशाला पाठवता? पाण्याची पातळी म्हणजे एक आकडा आहे. एका बाइटात मावेल.

बंधाऱ्याकाठचा

ऊसकरी, पहिल्या वर्षी आकडाच पाठवत होतो. सभासद आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. "सेन्सरला काय कळतंय, पट्टी दाखव" असे प्रत्येक जण म्हणतो, आणि रात्री दोन वाजता मोटार काढायला चार माणसे उठवायची असतील तर त्यांचे म्हणणे मला चूक वाटत नाही.

निवृत्त तारवाला

आपल्या वर्णनातील एक वाक्य मला सर्वाधिक खटकले: "रिसीव्हर तो तुकडा टाकून देतो." खरी उधळपट्टी तिथे आहे; मॉड्युलेशनचा विचार त्यानंतरचा.

सीआरसी जुळला नाही याचा अर्थ तुकड्यात काहीच नाही असा होत नाही. चार हजारांहून अधिक बिटांपैकी पाच-दहा चुकले तरी सीआरसी नापास करतो. उरलेली माहिती शाबूत असते, फक्त कोणती शाबूत आहे हे ठाऊक नसते. दोन झेरॉक्स प्रती पुसट निघाल्या तर आपण त्या एकावर एक ठेवून उजेडासमोर धरतो. एकीत जे अक्षर उडाले ते दुसरीत अर्धवट का होईना दिसते. रिसीव्हरनेही तेच करायचे आहे. पहिल्या प्रतीतील प्रत्येक बिटाबद्दल "शून्य की एक" असा निकाल न लावता "शून्य असण्याची शक्यता किती" ही कच्ची किंमत जपून ठेवायची, दुसरी प्रत आली की तिची किंमत तीत मिळवायची, आणि मग डिकोडरला द्यायची. डेव्हिड चेस यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला चेस कम्बायनिंग म्हणतात.

हिशेब सोपा आहे. सारख्या ताकदीच्या दोन प्रती एकत्र केल्या तर सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दुप्पट होते, म्हणजे ३ डेसिबलची कमाई होते. चार प्रतींना ६ डेसिबल. आपण चार वेळा पाठवता आणि चारही वेळा आधीचे फेकून देता, म्हणजे चौपट वीज खर्च करून कमाई शून्य. प्रत्येक प्रत जणू पहिलीच.

एक जुनी गोष्टही नोंदवतो. क्लॉड शॅनन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की ज्या वाहिनीला (सिग्नलच्या वाटेला) मागची स्मृती नाही, तिच्या क्षमतेत परतीच्या पोचेमुळे वाढ होत नाही. पोचेमुळे लाभते ती सोय. वाहिनी चांगली असेल तेव्हा आपण थोडक्यात सुटतो आणि वाईट असेल तेव्हाच जास्त खर्च करतो. तो जास्तीचा खर्च वाया जाऊ नये, एवढीच पुनर्प्रेषणाच्या आखणीची कसोटी आहे.

ग्रे कोड

तारवाल्यांशी सहमत आहे, पण १६-क्वॅममध्ये तेवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. या मॉड्युलेशनमध्ये एका सिम्बॉलचे चारही बिट सारख्या भाग्याचे नसतात.

१६-क्वॅम म्हणजे आडव्या अक्षावर चार पातळ्या आणि उभ्या अक्षावर चार पातळ्या. एकाच अक्षाकडे पाहू. पातळ्या −३, −१, +१ आणि +३ अशा आहेत आणि त्यांवर दोन बिट बसतात. एक बिट चिन्ह सांगतो: उणे की अधिक. दुसरा बिट आतली पातळी की बाहेरची हे सांगतो. चिन्हाच्या बिटाची सीमा शून्यावर आहे. ±३ वर बसलेला सिम्बॉल त्या सीमेपासून तीन घरे लांब असतो, त्यामुळे त्याचे चिन्ह सहसा चुकत नाही. फक्त ±१ वरचा धोक्यात असतो. दुसऱ्या बिटाच्या सीमा −२ आणि +२ येथे आहेत आणि चारही पातळ्या आपापल्या सीमेपासून एकाच घरावर उभ्या आहेत. म्हणून दुसरा बिट चुकण्याची शक्यता चिन्हाच्या बिटापेक्षा सुमारे दुप्पट असते.

आता तोच तुकडा तशाच मांडणीने पुन्हा पाठवला तर काय होईल? जे बिट पहिल्या वेळी कमकुवत जागी होते ते दुसऱ्या वेळीही तिथेच बसतील. पंक्तीत ज्याला शेवटी वाढले, त्याला दुसऱ्या पंगतीतही शेवटीच वाढावे, तसा हा प्रकार आहे.

तिसऱ्या पिढीच्या मोबाइलमधील एचएसडीपीएमध्ये यावर उपाय केलेला आहे. तिथे १६-क्वॅमच्या मांडणीच्या चार आवृत्त्या ठरवून दिल्या आहेत: पहिली मूळ, दुसरीत सबळ आणि दुर्बळ जागांवरील बिटांची अदलाबदल, तिसरीत दुर्बळ बिट उलटे करून, आणि चौथीत अदलाबदल व उलटापालट दोन्ही. अदलाबदलीमुळे प्रत्येक बिटाला केव्हातरी चांगली जागा मिळते. उलटापालटीमुळे जो सिम्बॉल आतल्या पातळीवर होता तो बाहेरच्या पातळीवर जातो. आपल्या मोडेममध्ये हे घालायला बिटांच्या क्रमाचा चार ओळींचा तक्ता पुरेल.

ऊसकरी

म्हणजे पहिल्यांदा पांढरा वाढायचा आणि पुन्हा मागितला की तांबडा. पोट त्याच मटणाने भरायचे.

चौथे टोक

ऊसकरी यांचा दृष्टांत वरवर वाटतो त्यापेक्षा अधिक नेमका आहे. दोन वाट्या एकत्र जेवल्या तरच जेवण पूर्ण होते. ग्रे कोड यांनी बिटांची जागा बदलली. मी त्याऐवजी पातळ्यांचीच जागा बदलून पाहिली, आणि जे निघाले ते कागदावर आकडे मांडून तपासावे असे आहे.

चार संदेश घ्या: अ, आ, इ, ई. पहिल्या प्रेषणात त्यांना अनुक्रमे −३, −१, +१, +३ या पातळ्या द्या. दुसऱ्या प्रेषणातही त्याच पातळ्या दिल्या तर शेजारच्या दोन संदेशांमधील अंतर पहिल्या वेळी २ आणि दुसऱ्या वेळी २. रिसीव्हर दोन्ही प्रती एकत्र पाहतो तेव्हा अंतरांच्या वर्गांची बेरीज महत्त्वाची असते: ४ आणि ४ मिळून ८.

आता दुसऱ्या प्रेषणात पातळ्या अशा बदला: अ ला −१, आ ला +३, इ ला −३ आणि ई ला +१. अ आणि आ यांच्यात पहिल्या वेळी २ चे अंतर होते, आता ४ चे आहे. वर्गांची बेरीज ४ अधिक १६, म्हणजे २०. आ आणि इ: ४ अधिक ३६, म्हणजे ४०. इ आणि ई: २०. अ आणि इ: १६ अधिक ४, पुन्हा २०. आ आणि ई: २०. अ आणि ई: ४०. सर्वांत जवळची जोडीसुद्धा २० वर आहे. त्याच दोन प्रेषणांत, त्याच विजेत, ८ चे २० झाले. हे अडीचपट म्हणजे सुमारे ४ डेसिबल होतात, आणि ते चेस कम्बायनिंगच्या ३ डेसिबलखेरीज वेगळे आहेत.

वहीच्या चौकटींच्या पानावर पहिली पातळी आडवी आणि दुसरी उभी घेऊन हे चार बिंदू टिंबांनी दाखवा: (−३, −१), (−१, +३), (+३, +१), (+१, −३). जोडल्यावर तिरपा ठेवलेला अचूक चौरस दिसेल. तशाच मांडणीने दोनदा पाठवले असते तर हेच चार बिंदू कर्णावर एका रेषेत दाटीवाटीने उभे राहिले असते आणि बाकीचे पान रिकामे राहिले असते.

याच्यापुढची गोष्ट धागाकर्त्यांच्या कामाची आहे. चौरसाची बाजू मोजून पाहा: तेच चार बिट सुरुवातीपासूनच क्यूपीएसकेने (एका सिम्बॉलमध्ये दोनच बिट), दोन सिम्बॉल खर्च करून, तेवढ्याच विजेत पाठवले असते तर मिळालेल्या अंतराचा वर्गही नेमका २० च आला असता. म्हणजे "आधी १६-क्वॅमने धाडस करून पाहावे की सावधपणे क्यूपीएसके वापरावे" या पेचात धाडसाची किंमत शून्य होते. पहिली प्रत पोचली तर निम्मा वेळ वाचला. नाही पोचली तर दुसऱ्या प्रतीनंतर आपण तिथेच येतो जिथे क्यूपीएसकेने आलो असतो. तीच मांडणी दोनदा वापरली तर मात्र ते ४ डेसिबल धाडसाचा दंड म्हणून भरावे लागतात.

ग्रे कोड

चौथे टोक, चौरस सुंदर आहे आणि आकडे बरोबर आहेत, परंतु मला तीन हरकती नोंदवायच्या आहेत.

पहिली अशी की आपल्या दुसऱ्या मांडणीत रेषेवरचा क्रम इ, अ, ई, आ असा होतो. मूळ बिट ग्रे क्रमाने (शेजारच्या पातळ्यांत एकच बिट वेगळा असेल असे) दिले असतील, म्हणजे अ ००, आ ०१, इ ११, ई १०, तर आता शेजारी-शेजारी ११ आणि ०० आले. पहिली प्रत पूर्णच बुडाली, प्रास्ताविकसुद्धा (प्रत सुरू झाल्याची खूणसुद्धा) ऐकू आले नाही, तर दुसऱ्या प्रतीला एकटीने उभे राहावे लागेल. आणि तेव्हा शेजारच्या पातळीची एक चूक दोन बिट बिघडवेल. एचएसडीपीएच्या चारही आवृत्त्या एकेकट्या घेतल्या तरी ग्रे क्रम पाळतात, ही त्यांची मोठी सोय आहे.

दुसरी हरकत कोडिंगची आहे. आपला हिशेब कोडिंग नसलेल्या सिम्बॉलचा आहे. चुकदुरुस्तीचे कोडिंग जितके भक्कम, तितका मांडणी बदलण्याचा फायदा आक्रसतो, कारण दुर्बळ बिटांची भरपाई कोड आधीच काही प्रमाणात करत असतो. निम्म्या दराच्या कोडवर पूर्ण ४ डेसिबल हाती लागतील असे मानू नये.

तिसरी हरकत अंमलबजावणीची. तिरप्या चौरसाचा फायदा घ्यायचा तर रिसीव्हरने बिटांच्या शक्यता साठवून भागणार नाही. दोन्ही प्रतींचे मूळ आडवे-उभे मोजमाप आणि त्या त्या वेळचा वाहिनीचा अंदाज साठवून निकाल एकत्र काढावा लागेल.

चौथे टोक

तिसरी हरकत पूर्ण मान्य आहे, पण ती परवडणारी आहे. धागाकर्त्यांचा तुकडा ४,०९६ बिटांचा, निम्म्या दराने ८,१९२, सिम्बॉल २,०४८. प्रत्येकी दोन मोजमापे, दोन बाइटची. एका तुकड्याला ८ किलोबाइट लागतात, आणि सगळेच्या सगळे ८० तुकडे नापास झाले तरी ६४० किलोबाइट. हे कार्यालयातील जुन्या लॅपटॉपलाही जड नाही.

पहिल्या हरकतीबद्दल: एका चुकीत दोन बिट गेले तर चुकांची संख्या फार तर दुप्पट होते, पण अंतर वाढल्याने चूक होण्याची शक्यताच घातांकाने खाली येते. पहिली प्रत पूर्ण बुडाली असेल, तर रिसीव्हरने "मला काहीच मिळाले नाही" असे वेगळे कळवावे आणि ट्रान्समीटरने मूळ मांडणी पुन्हा पाठवावी. दुसऱ्या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही. ती खरी आहे.

वेल्डिंगची ठिणगी

मॉड्युलेशनवर मी बोलणार नाही, पण पोच हरवण्याबद्दल कुणीच बोलले नाही म्हणून लिहितो.

माझ्या विहिरीवरच्या मोटारीला मी रेडिओचा रिमोट केला होता. एकच आज्ञा ठेवली होती: "स्थिती बदल." चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एका रात्री मी आज्ञा दिली, मोटार चालू झाली, तिने पोच पाठवली, आणि ती पोच वाटेत हरवली. माझ्या पेटीने इमानेइतबारे आज्ञा पुन्हा पाठवली आणि मोटार बंद झाली. या वेळची पोच मला मिळाली, पेटीवर हिरवा दिवा लागला आणि मी झोपलो. सकाळी जाऊन पाहिले तर सऱ्या कोरड्या, आणि वीज यायची आठ तासांची पाळी संपलेली. तेव्हापासून आज्ञा "चालू कर" आणि "बंद कर" अशा वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीला क्रमांक आहे.

निवृत्त तारवाला

ठिणगी यांचा अनुभव फोटोच्या तुकड्यांनाही लागू आहे, थोड्या वेगळ्या रीतीने. प्रती एकत्र करायच्या असतील तर आलेली प्रत नवीन तुकड्याची आहे की जुन्याची, आणि कितवी आहे, हे रिसीव्हरला बिनचूक कळले पाहिजे. चुकून दोन वेगवेगळे तुकडे एकमेकांत मिळवले तर दोन्ही जातात, आणि ती चूक पुढच्या प्रतींनीही धुऊन निघत नाही. एलटीईमध्ये (४जी मोबाइलमध्ये) नवे की जुने हे सांगायला खास एक बिट ठेवला आहे. म्हणून तुकड्याचा क्रमांक आणि प्रतीचा क्रमांक १६-क्वॅममध्ये कधीही ठेवू नका. ते शीर्षक सर्वांत सावकाश, सर्वांत भक्कम मॉड्युलेशनने जाऊ द्या. बीपीएसके (एका सिम्बॉलमध्ये एकच बिट) आणि वर दोन-तीनदा आवृत्ती. सांगण्याची गोष्ट हरवली तर चालते, कोण बोलत आहे हे हरवून चालत नाही.

पोचही तुकड्या-तुकड्याला मागू नका. ८० तुकडे एका दमात पाठवा आणि शेवटी ८० बिटांची, म्हणजे १० बाइटची, एकच पोच घ्या: जो तुकडा आला त्याच्या जागी एक, जो नाही त्याच्या जागी शून्य.

शिरोलीकर

इथे चर्चा पोच आणि मांडणीपर्यंत आली, पण मुळात तुकडे का हरवत आहेत हे कुणी विचारले नाही. आमच्या भागात फाउंड्र्यांच्या भट्ट्या आणि वेल्डिंगचा गोंगाट असतो. तो क्षणभर येतो आणि जातो. तिथे थोडे थांबून पुन्हा पाठवणे हाच उत्तम उपाय आहे, अगदी त्याच मांडणीने पाठवले तरी. पण बंधाऱ्यावर भट्टी नाही. माझा तर्क असा की वाहिनी एखाद्या वारंवारतेच्या खड्ड्यात पडली आहे, म्हणजे नेमक्या त्या वारंवारतेला सिग्नल क्षीण होतो आहे. दुसऱ्या प्रतीच्या वेळी वारंवारता बदला, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जा. खड्डा तिथे नसेल.

चौथे टोक

शिरोलीकर, प्रश्न योग्य आहे, पण उपाय इथे चालेल असे वाटत नाही. धागाकर्ते, दोन्ही अँटेनांची पाण्यापासून उंची सांगू शकाल का?

बंधाऱ्याकाठचा

उन्हाळ्यातील पाण्यापासून कार्यालयाच्या गच्चीवरची १२ मीटर आणि बंधाऱ्यावरची ५ मीटर. सध्या पाणी साधारण १० फूट चढले आहे.

चौथे टोक

मग कारण सापडले असे मी म्हणेन. नदीचे पाणी रेडिओ लहरींना आरशासारखे असते, विशेषतः इतक्या तिरप्या कोनात. कार्यालयापर्यंत दोन लहरी पोचतात: एक थेट आणि एक पाण्यावर आपटून, आणि आपटताना ती उलटी होते. दोन्ही वाटांच्या लांबीतील फरक म्हणजे दोन उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. उन्हाळ्यात २ गुणिले १२ गुणिले ५ भागिले ८००, म्हणजे १५ सेंटीमीटर. ८६५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटीमीटर आहे. १५ म्हणजे जवळपास अर्धी. उलटी झालेली लहर आणखी अर्धी मागे पडून पुन्हा सुलटी होते आणि थेट लहरीला मदत करते. मे महिन्यात आपण नकळत सर्वोत्तम जागी होतात.

पाणी ३ मीटर चढले. उंची ९ आणि २ झाली. वाटांतील फरक साडेचार सेंटीमीटर. आता उलटी लहर जवळपास उलटीच येऊन थेट लहरीला खाऊन टाकते. परावर्तन पूर्ण मानून अंदाजी हिशेब केला तर मे महिन्याच्या तुलनेत सिग्नल सुमारे ८ डेसिबल खाली आला आहे.

वारंवारता बदलून उपयोग का नाही, तेही यातच आहे. फरक काही सेंटीमीटरचाच आहे, आणि आपल्याला उपलब्ध पट्टा दोन-तीन मेगाहर्ट्झचा. तेवढ्याने तरंगलांबी अर्ध्या टक्क्यानेही बदलत नाही. हा खड्डा नाही, सगळे पठारच खाली बसले आहे. आणि पाणी पाच मिनिटांत उतरत नाही, म्हणून थांबूनही उपयोग नाही. पहिल्या प्रतीला जे भोगावे लागले तेच चौथीला भोगावे लागणार.

बंधाऱ्यावरची अँटेना ३ मीटर वर घेतली तर याच पाण्यात सहा-साडेसहा डेसिबल परत मिळतील.

शिरोलीकर

हिशेब मान्य. वारंवारतेचा मुद्दा मागे घेतो. पण मग हे मॉड्युलेशनचे काम नसून पाइपाचे काम निघाले.

ग्रे कोड

दोन्हींचे आहे. पाणी आणखी चढणारच आहे, आणि २०१९ सारखे वर्ष आले तर तीन मीटरचा पाइपही कमी पडेल. ८ डेसिबलची तूट आणि चार प्रतींचे ६ डेसिबल हे आकडे शेजारी ठेवून पाहा. प्रती जपल्या आणि मांडणी बदलली तर कोडिंगनंतरही त्यात थोडी भर पडेल. हे अपुरे असले तरी शून्याच्या तुलनेत फार आहे.

एक सुचवणी आणखी. तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीला तेच कोड केलेले बिट पाठवण्याऐवजी नवे पॅरिटी बिट (चूक दुरुस्तीसाठीचे जादा बिट) पाठवा. एलटीईमध्ये एकाच तुकड्याच्या चार आवृत्त्या असतात आणि त्या सहसा ०, २, ३, १ अशा क्रमाने जातात. प्रत्येक आवृत्ती गोल रांगेत ठेवलेल्या बिटांमध्ये वेगळ्या जागेपासून सुरू होते. आपण मूळ कोड एकतृतीयांश दराचा ठेवून पहिल्या वेळी त्यातले निम्म्या दराइतके पाठवले, तर उरलेले पुढच्या प्रतीसाठी शिल्लक राहतील. दुसरी प्रत चौरसासाठी, तिसरी नव्या पॅरिटीसाठी, असे मिश्रण करायला हरकत नाही.

उद्यमनगरी

पाइप आमच्याकडून न्या. दोन इंची जीआय, ताण द्यायला तीन तारा. वारे लागले की हलणारी अँटेना कुठल्याच मांडणीने वाचणार नाही.

बंधाऱ्याकाठचा

सर्वांचे आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण बंधाऱ्यावर जाण्याइतकी उघडीप नव्हती आणि पाइप अजून बसवता आलेला नाही. रिसीव्हरचे काम मात्र कार्यालयात बसून करता आले आणि ट्रान्समीटरला नवा प्रोग्रॅम रेडिओवरूनच पाठवला. तो पाठवताना किती वेळा पुनर्प्रेषण झाले, हे विचारू नये.

क्रम असा ठेवला. नापास तुकड्यांची मूळ मोजमापे टाकून देणे आधी बंद केले. तुकडा आणि प्रत यांचे क्रमांक बीपीएसकेमध्ये नेले. शेवटी ८० बिटांची एक पोच. एवढ्यावरच, मांडणी न बदलता, अर्धवट राहणारे फोटो तिसऱ्या-चौथ्या प्रतीला पूर्ण होऊ लागले. नंतर चौथे टोक यांची तिरपी मांडणी दुसऱ्या प्रतीला लावली. आता बहुतेक तुकडे दुसऱ्या प्रतीलाच उलगडतात. ग्रे कोड यांनी इशारा दिला होता त्याप्रमाणे फायदा ४ डेसिबलइतका वाटत नाही, पण एक अख्खी फेरी वाचते आणि बॅटरीला ते जाणवते. सूर्य दिसत नसताना सोलरवर चालणाऱ्या पेटीत एक फेरी म्हणजे बरेच काही.

माझा मूळ प्रश्न "तेच पुन्हा पाठवावे का" असा होता. मी चूक जागी बोट ठेवले होते असे आता दिसते. ट्रान्समीटर तेच पाठवत होता हा दोष लहान होता; रिसीव्हर दर वेळी पाटी पुसत होता हा मोठा.

ऊसकरी यांचे म्हणणेही घेतले आहे. सेन्सरचा आकडा आता बीपीएसकेच्या शीर्षकातच बसवला आहे, त्यामुळे फोटो येवो न येवो, पातळी कळते. काल रात्री फोटोचे ११ तुकडे यायचे होते तेव्हा आकडा आधीच आलेला होता. अध्यक्ष तरीही फोटोसाठी थांबले.

ऊसकरी

आणि मोटारी?

बंधाऱ्याकाठचा

फोटो पूर्ण झाल्यावर काढल्या. सगळ्या वर आहेत. शेवटची निघाली तेव्हा तिच्या फाउंडेशनला पाणी लागले होते.

उद्यमनगरी, पाइप शनिवारी नेतो. सहा मीटरचा एकच अखंड मिळेल, की सॉकेट लावून जोड द्यावा लागेल?